शब्दचर्चा : पक्षपात, भेदभाव, पंक्तिप्रपंच

प्रश्न : आमचा मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. कामगारांसाठी मराठीत सूचनापत्रक लावायचंय. मसुद्यात 'कोणत्याही प्रकारचा पक्षपात केला जाणार नाही' असं आलंय. 'पक्षपात' चालेल की 'भेदभाव'च हवा? उद्या कुणी तक्रार केली तर शब्द आमच्यावरच उलटायला नको.

उत्तर : 'भेदभाव'च लिहा. पक्षपात म्हणजे एकाची बाजू घेणं. भाच्याला सुपरवायझर केलं, तर तो पक्षपात किंवा वशिला. भेदभावाच्या मागे ठरावीक कारण असतं : बाई आहे म्हणून, अमक्या जातीची आहे म्हणून. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ च्या मराठी मजकुरातही 'भेदभाव' आहे. तो अनुच्छेद मुख्यतः सरकारला बांधतो. खासगी मालकासाठी वेगळे कायदे आहेत, उदा. दिव्यांगांसाठी २०१६ चा, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा. म्हणून कारणं नावानिशी लिहा. 'कोणत्याही प्रकारचा' यातून कामगाराला काहीच कळत नाही.

उत्तर : मला यासाठी 'पंक्तिप्रपंच' फार नेमका वाटतो. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं! वेतन संहिता (२०१९) हेच मना करते : काम सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं असेल, तर स्त्री-पुरुष म्हणून मजुरीत फरक करता येत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यातही हे होतंच. तेव्हा पत्रकाआधी हजेरीपुस्तक उघडा. 'लेडीज हेल्पर' आणि 'जेंट्स हेल्पर' अशा दोन ओळी, दोन वेगळे रोज, आणि दोघं एकाच टेबलावर पाकिटं भरतायत, असं असेल तर तक्रारदाराला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही. हुद्दा कामावरून लिहा : निवडणं, दळण, पॅकिंग, पोती चढवणं-उतरवणं. पोत्यांच्या कामाला जास्त रोज द्यायचा तर खुशाल द्या, पण पोती उचलणाऱ्या बाईलाही तोच.

प्रश्नकर्ता : आणि 'पॅकिंगसाठी मुली पाहिजेत' ही पाटी? बाजारात सगळेच लावतात.

उत्तर : काढा. भरतीतही तोच नियम आहे. 'पॅकिंगसाठी कामगार पाहिजेत' लिहा. 'अविवाहित' असेल तर तेही खोडा, पाकिटं भरायला त्याचा काय संबंध?

उत्तर : एक शब्द ऑफिसातून हद्दपार करा : 'तक्रारखोर'. 'तक्रारदार' म्हटलं की तक्रार केली एवढंच कळतं. 'खोर' लागला की माणसाला खोड आहे असा निवाडा आधीच होतो. मग त्याची पाळी बदलली, ओव्हरटाइम बंद केला, की मूळ तक्रारीपेक्षा हेच जड जातं.

उत्तर : लैंगिक छळाचा परिच्छेद वेगळा ठेवा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे समिती लागते. जुन्या मसुद्यांत 'अंतर्गत तक्रार समिती' असतं. २०१६ पासून कायद्यात नुसतं 'अंतर्गत समिती' आहे. ती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावावा लागतो. मालकाच्या केबिनमध्ये नको, हजेरी लावतात तिथे लावा.