ए३५ की एम३५? चिप एकच, मग वरचे पैसे कशाचे?

होटगी रोडचा मामा

भाच्याला दिवाळीत फोन घ्यायचाय. पोरगा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. दिवसभर व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो, गठ्ठ्यांचे नंबर आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन. गेम-बिम काही खेळत नाही. घरात दोन नावांवरून भांडण लागलंय, सॅमसंगचा गॅलेक्सी ए३५ की एम३५.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एम३५ घ्यावा आणि विषय मिटवावा.

दोन्हींत सॅमसंगचीच एक्सिनॉस १३८० चिप. म्हणजे २०२३ च्या ए५४ मध्ये होती तीच चिप. पडदा दोन्हीकडे ६.६ इंची अमोलेड, १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा. मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल, ओआयएससकट (हात हलला तर फोटो सावरणारं), दोन्हीकडे. चार्जिंग २५ वॅट. अँड्रॉइडची चार अपग्रेड आणि पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट, तेही दोघांना सारखंच. आता फरक बघा. ए३५ २०२४ च्या मार्चमध्ये आला तो ३०,९९९ ला, एम३५ त्याच जुलैत आला तो १९,९९९ पासून. त्यात रॅम ६ जीबी आहे हे मान्य, ८ ची घेतली तर थोडे वर द्यावे लागतात. तरीही अंतर मोठंच राहतं. सेलमध्ये भाव रोज हलतात, पण आपली अक्कल हलायला नको. वर बॅटरी ए३५ ला ५००० एमएएच, स्वस्तातल्या एम३५ ला ६०००.

कुणी मला सांगा, ते वरचे पैसे नेमके कशाचे? काचेच्या पाठीचे?

लूमवाला

मामा, तुम्ही पोरगा कुठं काम करतो ते लिहिलं आणि पुढं विसरून गेलात. टॉवेलच्या कारखान्यात कापसाची धूळ किती असते बघितलंय का कधी? टेरीच्या, म्हणजे टॉवेलच्या कापडाच्या मागावर तर विचारूच नका. संध्याकाळी भुवया पांढऱ्या होतात.

ए३५ ला आयपी६७ आहे, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो त्याचं रेटिंग. एम३५ ला काहीच रेटिंग नाही. लोकांना वाटतं आयपी म्हणजे पाणी. पाणी तो दुसरा आकडा. पहिला ६ धुळीचा असतो, आणि धुळीत ६ च्या वर आकडाच नाही. म्हणजे आत धूळ शिरत नाही. आमच्याकडच्या पोरांचे फोन दीड-दोन वर्षांत कसे होतात सांगतो. स्पीकर घोगरा होतो, माईकमध्ये समोरच्याला नीट ऐकू जात नाही, चार्जिंगची केबल अर्धीच बसते. मी स्वतः एकाच्या चार्जिंगच्या भोकातून दातकोरणीनं कापूस काढलाय. दाबून दाबून नमद्यासारखा घट्ट झालेला, अख्खा तुकडाच बाहेर आला, खाली केबलच्या टोकाचा ठसा उमटलेला.

चिप सारखी म्हणून फोन सारखा होत नाही.

होटगी रोडचा मामा

अण्णा, उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत की ओ! आयपी६७ मुळं धूळ फोनच्या आत, बोर्डापर्यंत जात नाही. पण चार्जिंगचं भोक उघडंच असतं, स्पीकरची जाळीही उघडीच. तुमचा तो कापसाचा तुकडा ए३५ मध्येही तसाच बसणार आणि त्यालाही तीच दातकोरणी लागणार. फोन किती जणांचे आतून धुळीनं गेले आणि किती जणांचे नुसते भोक बुजून गेले, ते सांगा. भोकाला पाच-दहा रुपयांचं रबरी बूच मिळतं.

लूमवाला

बूच पहिल्या आठवड्यात हरवतं.

आणि स्पीकरच्या जाळीच्या आत पातळ पापुद्र्यासारखा पडदा असतो मामा. आयपी६७ वाल्यात तो धूळ आत न जाण्यासाठीच बसवलेला असतो. वरचा कापूस ब्रशनं निघतो. आत गेलेला निघत नाही, त्याला फोन खोलावा लागतो. दोन्हीला एकाच मापानं मोजू नका.

जुळे सोलापूरची ताई

तुमच्या धुळीत पाण्याचं विसरलात भाऊ. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, येतं ते पण रात्री-बेरात्री. आलं की पाईप ओढा, हौद भरा, टाकीवर चढा, आणि एका हातात फोन, टॉर्च लावलेला. मागच्या उन्हाळ्यात माझा फोन हौदात गेला (दुसऱ्या कंपनीचा होता, नाव घेत नाही). काढला तेव्हा चालू होता, सकाळी बंद. तांदळात ठेवला, उन्हात ठेवला, सगळं केलं. दुरुस्तीवाल्यानं बोर्ड गेलाय म्हणून हात वर केले.

आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमचा हौद त्यापेक्षा खोल नाही. मी तर डोळे झाकून ए३५ म्हणेन.

इंजिनिअरिंग थर्ड इयर

ताई, एक लक्षात ठेवा. ती चाचणी प्रयोगशाळेत, साध्या स्वच्छ पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर होते. फोन आपटला, एकदा उघडला, सील सैल झालं की ते संरक्षण उरेलच असं नाही. आणि पाणी जाऊन बिघडला तर सहसा वॉरंटी लागू होत नाही, रेटिंग असो वा नसो. म्हणजे आयपी६७ हा वाचण्याचा चान्स आहे, हमी नाही.

पण मुळात तुम्ही सगळे एकाच कंपनीच्या दोन डब्यांत का भांडताय? त्याच भावाच्या आसपास रेडमी नोट १३ प्रो आहे. स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ चिप, ६७ वॅटचं चार्जिंग, चार्जर डब्यातच. सॅमसंगच्या दोन्ही डब्यांत नुसती केबल. २०२४ मध्ये २५ वॅट म्हणजे काय बे!

होटगी रोडचा मामा

बाळा, आधी मोठ्यांना "बे" म्हणणं सोड.

६७ वॅटचं काय करायचं? पोरगा रात्री चार्जिंगला लावणार आणि सकाळी काढणार. अपडेटची वर्षं मोज, मग बोल. शिवाय घरात सगळ्यांचे सॅमसंग आहेत. आईला नवीन मेनू शिकवायची ताकद माझ्यात नाही.

सात रस्त्यावरचा डिलिव्हरीवाला

मी दिवसभर बाईकवर असतो, फोन हँडलला लावलेला, मॅप चालू, नेट चालू. मी मामांच्या बाजूनं आहे, पण माझं कारण वेगळं आहे.

सोलापूरचा मे महिना. दुपारी पारा ४२-४३, आणि हँडलवर थेट ऊन. फोन तापला की आधी पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो, म्हणजे उन्हात काहीच दिसत नाही. मग पॉवर बँक लावली की चार्जिंगच थांबतं. फोन थंड होईपर्यंत घेतच नाही. चूक फोनची नाही, लिथियमची बॅटरी तापलेली असताना चार्ज करणं तिला वाईट म्हणून तो स्वतःच थांबतो. म्हणून ६७ वॅट काय न् १२० वॅट काय, दुपारी तीन वाजता सगळे एकाच लायनीत. त्या वेळी सकाळी भरून आणलेलं जे असतं तेच कामाला येतं. ५००० पेक्षा ६००० म्हणजे वीस टक्के जास्त.

दुसरं, बॅटरी मोठी असली की रोज पूर्ण रिकामी होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी क्षमता उतरते तेव्हाही दिवस निघतो. ५००० वाला उतरला की दुपारी चारलाच पॉवर बँक शोधायची.

लूमवाला

तुमचं बाईकवर बरोबर आहे, वाद नाही. भाचा शेडमध्ये बसतो, तिथं सॉकेट आहे. त्याला ५००० पुरते.

पेठेतला काउंटर

नव्या पेठेत माझं मोबाईलचं दुकान आहे, आधीच सांगितलेलं बरं, नंतर कुणी शोध लावायला नको. ए सिरीज आम्ही काउंटरवर विकतो. एम सिरीज मुख्यतः ऑनलाइनचा माल, आमच्याकडं क्वचित येतो. त्यामुळं मी ए३५ म्हणणार हे उघड आहे. तरी ऐका.

गिऱ्हाईक ऑनलाइन बघून येतं, फोन हातात घेतं, कॅमेरा उघडून रस्त्याचा फोटो काढतं, "येतो की नंतर" म्हणून जातं, आणि आठवड्यानं ऑनलाइन घेतलेला फोन घेऊन काच लावायला परत येतं. काच मी लावतो. पण डेटा टाकून द्या, बँकेचं ॲप चालू करून द्या, हे पण दुकानातच लागतं. ते फुकट होत नाही, ते त्या वरच्या पैशात असतं.

हप्त्याचंही तसंच. ज्याच्याकडं क्रेडिट कार्ड नाही त्याला ऑनलाइनचे बँक डिस्काउंट मिळत नाहीत. दुकानात आधार-पॅनवर फायनान्स होतो. भाच्याकडं कार्ड आहे का, हे मामांनी लिहिलंच नाही.

होटगी रोडचा मामा

कार्ड माझं आहे.

आणि "नो कॉस्ट" हप्ता नावाला नो कॉस्ट. व्याज तेवढं सवलत म्हणून आधी वजा दाखवायचं, मग हप्त्यात लावायचं, वर प्रोसेसिंग फी वेगळी. रोख घेणाऱ्याला तीच सवलत मागितली की दुकानदार छताकडं बघतो. एकच विचारतो, खरं सांगा. ऑनलाइन घेतलेल्या एम३५ ची वॉरंटी सोलापुरात चालते की नाही?

पेठेतला काउंटर

चालते. एक वर्ष, भारतात कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला, बिल दाखवून. ए काय, एम काय, फरक नाही. दुसरं कुणी तुम्हाला याच्या उलट सांगत असेल तर तो माल खपवतोय. प्रोसेसिंग फीचंही तुमचं बरोबर आहे, मी गिऱ्हाईकाला आधी सांगतो, सगळे सांगत नाहीत.

जुळे सोलापूरची ताई

हे असं बोलणारा दुकानदार असेल तर मी दोनशे जास्त देऊन त्याच्याकडंच घेईन.

होटगी रोडचा मामा

दोनशे असते तर मी पण घेतला असता ताई.

आता पाठीवर येतो, त्यावर कुणी बोललंच नाही. ए३५ ची पाठ काचेची, एम३५ ची प्लास्टिकची. आपल्या घरात, कारखान्यात, सगळीकडं शहाबादी फरशी. कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पडला की पुढची काच दोघांची एकाच जातीची, गोरिला ग्लास व्हिक्टस प्लस, तिथं नशीब सारखं. मागं मात्र प्लास्टिकला ओरखडा येईल आणि काचेला जाळं पडेल. आणि एकदा पाठ फुटली की तुमचं आयपी६७ गेलं हौदात. ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गुण ज्या पाठीवर टिकून आहे ती पाठच नाजूक!

बोटाचा सेन्सर पण बघा. ए३५ ला पडद्याखाली, वर जाड टेम्पर्ड काच लावली की कुरकुर करतो. एम३५ ला बाजूच्या बटणावर. हाताला तेल आणि कापूस असलेल्याला बटण बरं.

लूमवाला

हे मात्र बोललात पटण्यासारखं. बटणाचा मुद्दा मान्य. पडद्याखालच्या सेन्सरला आमची पोरं दहादा बोट पुसतात आणि शेवटी पिन टाकतात.

पाठीचा नाही मान्य. काचेच्या फोनला कव्हर घालतात, नुसता कोण वापरतं? आणि कव्हर घातलं की तुमचा एम३५ हातात घेऊन बघा. २२२ ग्रॅमचा आहे आधीच, ए३५ पेक्षा जाड. वर कव्हर. शर्टाच्या खिशात ठेवून वाकलं की पहिला तोच पडतो.

इंजिनिअरिंग थर्ड इयर

ए३५ पण २०९ ग्रॅमचा आहे काका. तेरा ग्रॅमनं खिसा फाटत नाही.

सात रस्त्यावरचा डिलिव्हरीवाला

एक कुणीच विचारलं नाही. भाच्याला काय पाहिजे?

होटगी रोडचा मामा

त्याला ए३५ पाहिजे. निळा. कारण त्याच्या मित्राकडं तोच आहे. म्हणून तर मी इथं लिहायला बसलो.

पेठेतला काउंटर

मग भांडण फोनचं नाहीच. त्याला म्हणा फरकाचे पैसे पगारातून तू घाल, धूळ-पाण्यासाठी घालायला तयार असेल तर घालेल, निळ्या रंगासाठी असेल तर तिथंच कळेल.

लूमवाला

बरोबर. आणि तो घालेल बघा. रोज त्या शेडमध्ये तो बसतो, तुम्ही नाही.

जुळे सोलापूरची ताई

कुठलाही घ्या, पण चार्जर डब्यात नाही म्हणताय तर कुठला घ्यायचा? घरात जुन्या फोनचा ८० वॅटचा पडलाय, तो चालेल ना?

इंजिनिअरिंग थर्ड इयर

चालेल, पण फास्ट होणार नाही ताई. ८० वॅटवाल्या कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत सहसा त्यांची स्वतःची असते, सॅमसंगला ती कळत नाही, मग तो हळूहळूच घेतो. यूएसबी पीडी आणि पीपीएस (फास्ट चार्जिंगची सामाईक पद्धत) लिहिलेला २५ वॅटचा बघा, केबल दोन्ही टोकांना टाईप-सी. सॅमसंगचाच घ्यायची सक्ती नाही, पण रस्त्यावरचा दीडशेवाला नको.

होटगी रोडचा मामा

तेवढे पैसे पण हिशेबात धरा लूमवाले अण्णा, दोन्ही बाजूंना. पोराशी रविवारी बोलतो. माझं मत अजून एम३५ च आहे.