कार्डं जमतात, काम मिळत नाही?
'व्यावसायिक ओळखीपाळखीचे तीन कार्यक्रम झाले, खिसाभर व्हिजिटिंग कार्डं आली, काम शून्य' अशी कॉपीरायटरची, म्हणजे जाहिराती-वेबसाइटचा मजकूर लिहिणाऱ्याची, तक्रार असते. बहुधा चूक माणसं निवडण्यात होते. कॉपीरायटरने अशा कार्यक्रमात थेट ग्राहक शोधत फिरू नये. वेबसाइट बनवणारे, ग्राफिक डिझायनर आणि छपाईवाले गाठावेत. त्यांचं डिझाइन तयार असतं आणि मजकुरासाठी काम महिनाभर अडलेलं असतं. 'सध्या मजकुरावाचून काही अडलंय का?' एवढंच विचारा, माणूस लगेच बोलू लागतो.

ओळख सांगताना 'कंटेंट लिहितो' म्हणू नका, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. 'बिल्डरांची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत लिहितो' म्हटलं की ऐकणाऱ्याला आपला एखादा बिल्डर आठवतो. कार्ड मिळताच मागे पेनाने दोन शब्द लिहा: 'नवी साइट, दिवाळीआधी'. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर तोच धागा धरून लिहा. आठवडा गेला की चेहराही आठवत नाही. पहिल्याच निरोपात दरपत्रक मात्र नको.

बीएनआय ही एकमेकांना कामं सुचवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना. तिच्या एका चॅप्टरला, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो आणि बैठक दर आठवड्याला असते. वार्षिक शुल्क भरण्याआधी पाहुणे म्हणून जा आणि डिजिटल मार्केटिंगवाल्या सदस्याकडे लेखनही आहे का, ते विचारून घ्या. असेल तर तुमची जागा अडते. मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लबही आहे. कुठेही गेलात तरी दोन-तीन भेटींत निकाल लावू नका. स्वतःच्या ग्राहकाचं नाव अनोळखी माणसाला द्यायला कुणालाही वेळ लागतो.