अमीरखानाचे आजोबा बुनेरचे. हे बुनेर आहे कुठे?

राजवाडा_परिसर:
आमच्या मंडळात गणपतीत यशवंतराव होळकरांवर बोलायचंय. त्यांचा जोडीदार अमीरखान पिंडारी, त्याचे आजोबा बुनेरहून रोहिलखंडात आले असं वाचलं. हे बुनेर अफगाणिस्तानात ना? उजाड डोंगर, उंट वगैरे?

स्नेहलतागंज_काका:
अफगाणिस्तान नाही, उजाड तर मुळीच नाही. पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वातला जिल्हा. वर स्वात, खाली मर्दान आणि स्वाबी. भोवती डोंगर, मधे गहू-मक्याची खोरी, आणि बरांदू नदी, ती सिंधूला मिळते. मुख्य ठाणं डग्गर. वस्ती दहा लाखांवर, पण शहर म्हणावं असं काही नाही. संगमरवराच्या खाणी मात्र आहेत.

आत जायचं तर खिंडीतूनच. १५८६ मध्ये अकबराची फौज याच स्वात-बुनेरच्या खिंडींत युसुफझाई पठाणांनी कापली, आपला गोष्टीतला बिरबल त्यातच गेला. १८६३ मध्ये इंग्रज अंबेला खिंडीत कित्येक आठवडे अडकून पडले. बिरबल भाषणात घ्याच, मागच्या रांगेतली मुलं जागी राहतील.

मला स्वतःला रस आहे तो जमिनीत. शेख मली या जुन्या पुढाऱ्यानं युसुफझाईंना घालून दिलेली पद्धत अशी, की जमीन एका माणसाची नाही, वंशाच्या शाखेची. ठरावीक वर्षांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि घरंच्या घरं उठून दुसऱ्या गावच्या शेतांवर जायची. उद्या सोडायच्या रानात विहीर कोण खणणार, झाड कोण लावणार? स्वात संस्थानानं १९२० च्या दशकात हे मोडायला घेतलं. बुनेरही १९६९ पर्यंत त्याच संस्थानात. डोकी वाढत गेली, वाटा तेवढाच. तलवार घेऊन हिंदुस्थानात उतरणारी पोरं अशाच घरांतली असावीत, हा आपला माझा अंदाज.

आणि अमीरखानाला पिंडारी म्हणू नका. चीतू, करीमखान हे पिंडारी सरदार वेगळे. याच्याकडे कवायती पलटणी होत्या, तोफखाना होता.

मालवी_मिसळ:
तिथे हिंदू आहेत ना अजून? की सगळे फाळणीत निघाले?

स्नेहलतागंज_काका:
थोडे आहेत, शीखही आहेत. २०२४ च्या निवडणुकीत डॉ. सवीरा प्रकाश ही हिंदू मुलगी पीपल्स पार्टीकडून बुनेरमधून उभी होती. स्वातच्या सीमेवर इलम डोंगर आहे, वनवासात राम तिथे राहिले अशी तिथल्या हिंदूंची श्रद्धा. मुसलमानांचं मोठं ठाणं म्हणजे पीर बाबांचा दर्गा. ऑगस्ट २०२५ मध्ये ढगफुटीनं त्याच बाजूची गावं वाहून गेली, एका जिल्ह्यात दोनशेवर माणसं गेली.

राजवाडा_परिसर:
काका, बिरबल पक्का. पण राजस्थानातलं टोंक संस्थान अमीरखानाला इंग्रजांनी दिलं हे तरी बरोबर ना?

स्नेहलतागंज_काका:
अर्धंच. टोंक दिलं यशवंतरावांनी, १८०६ मध्ये. इंग्रजांनी १८१७ च्या तहात त्यावर शिक्का मारला. इंदुरात बोलताय, एवढं तरी ठासून सांगा.