'स्राव' म्हणजे घाण नव्हे, आणि त्या शब्दात 'स्त्री'ही नाही

शाईपेन: काल इथे एकानं लिहिलं, "स्त्राव म्हणजे शरीर बाहेर टाकतं ती घाण. शब्द स्त्रीवरून आलाय, कारण मुळात तो पाळीसाठीच होता." आणि खाली शाबासक्यांची रांग! रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

शब्द आहे 'स्राव'. धातू 'स्रु', म्हणजे वाहणं, पाझरणं. 'स्रोत' त्याच धातूचा. जैन तत्त्वज्ञानातला 'आस्रव'ही त्याचाच, जीवात कर्म पाझरतं तो आस्रव. स्त्रीशी काडीचा संबंध नाही.

आता घाण. लाळ दिवसाला साधारण १ ते १.५ लिटर तयार होते आणि जवळजवळ सगळी आपण गिळतो. इन्शुलिन थेट रक्तात उतरतं. यात घाण कुठे दिसली? पेशी कामाचं काही घडवून सोडते तो स्राव. नको ते बाहेर काढणं हे उत्सर्जन. लॅटिनमध्येही दोन्ही शब्द चाळण्याच्या एकाच क्रियापदावरून आलेत. 'सिक्रिशन' म्हणजे चाळून वेगळं काढलेलं, 'एक्स्क्रिशन' म्हणजे चाळून बाहेर टाकलेलं.

मधली_सुट्टी: स्त्रीवाली व्युत्पत्ती चूक, त्यावर वादच नाही. पण तुम्ही मराठी शब्दाला लॅटिनच्या मापाचा सदरा घालताय. रक्तस्राव कुठल्या पेशीनं घडवला? जखमेतून पू आला तरी स्राव, पाळीतला मासिक स्राव. मराठीत वाहतं ते स्राव. 'कामाचं' ही अट पुस्तकवाल्यांनी नंतर चिकटवली.

द्विदल: आणि घामाचं काय? आयुर्वेदात पुरीष, मूत्र, स्वेद हे तीन मल. म्हणजे काल लिहिणारा अगदीच चुकला नव्हता.

शाईपेन: घामाचं मुख्य काम शरीर थंड ठेवणं. नुसत्या नावावर जाऊ नका. कानातला मळ म्हणतो तोही ग्रंथींचा स्रावच, कानाच्या नळीचं रक्षण करणारा. पण नाव पडलं 'मळ', म्हणून लोक काड्या घालतात. माझ्या वडिलांनी असंच कोरता कोरता कानाच्या पडद्याला भोक पाडून घेतलं. अजून त्या बाजूनं हाक मारली की त्यांना ऐकू येत नाही. म्हणून मी नावांसाठी भांडते.

जोडाक्षर: मुद्दा पटला, पण 'स्त्राव' लिहिलं म्हणून एवढा थयथयाट? सगळे तसंच बोलतात. सहस्त्र, स्त्रोत, हिंस्त्र.

काना_मात्रा: सगळे चुकतात म्हणून चूक बरोबर होत नाही. बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय, रोज हा 'त' उपटून काढतो. सहस्र, स्रोत, हिंस्र, अजस्र, यांत त नाही. स्त्री, शस्त्र, वस्त्र, शास्त्र, यांत आहे. तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायचा, एवढा साधा नियम पाळवत नसेल तर लिहू नये.

जोडाक्षर: लिहू नये? हे सांगणारे तुम्ही कोण? 'स'वरून 'र'वर जाताना जीभ दातांमागे टेकते आणि त आपोआप उमटतो. याच धातूची युरोपातली भावंडं बघा. ग्रीकमध्ये सुरुवातीचा स गळाला आणि 'ऱ्हेइन' झालं, डायरिया त्यातूनच आला. जर्मानिक भाषांत मध्ये त घुसला, इंग्रजी 'स्ट्रीम' तिथला. तिकडे तो भाषेचा इतिहास, आणि आमच्या तोंडी आला की अशुद्ध?

काना_मात्रा: 'लिहू नये' हे जास्त झालं, मागे घेतो. स्ट्रीमचं उदाहरण चोख आहे, हेही कबूल. पण तिकडे तो त लेखनातही रुजला, आपल्याकडे नाही. शिवाय कालची स्त्रीवाली व्युत्पत्ती याच त-नं जन्माला घातली.

जोडाक्षर: बरं. लिहीन 'स्राव'. बोलेन मात्र माझ्या जिभेनं.

अनामिका: तुमचा 'त' संपला असेल तर बोलू? शाळेत मला 'लालास्राव' मोठ्यानं वाचायला लावलं आणि वर्ग हसला, कारण त्यांच्या लेखी स्राव म्हणजे एकच गोष्ट. पुढे अंगावरून पांढरं जायला लागलं तेव्हा त्या हसण्यामुळे मी कुणाशी बोलले नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "स्राव किती दिवस?" मी पाळीचे दिवस सांगितले, "चार." त्यांनी तसं लिहून घेतलं. दुखणं आणखी दोन महिने तसंच राहिलं. एका शब्दावर किती अर्थ लादायचे?

मधली_सुट्टी: तेच तर म्हणतोय मी. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंगनं १९०५ साली 'हॉर्मोन' शब्द वापरात आणला, 'चेतवणं' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपण 'संप्रेरक' केला, वाचताक्षणी कळतो. पेशींच्या या कामालाही तसाच नेमका शब्द हवा.

शाईपेन: अनामिका, हे वाचून गप्प झाले. रक्तस्रावाला माझी व्याख्या लागू पडत नाही, मानते. शास्त्रापुरतं 'ग्रंथिस्राव' म्हटलं तर?

मधली_सुट्टी: मूत्रपिंडाच्या नलिका रक्तातलं आम्ल मूत्रात सोडतात. तिथे ग्रंथी नाही, सोडलं ते नकोसंच, तरी शरीरशास्त्र त्याला स्रवणच म्हणतं. तुमच्या दोन्ही अटी तिथे मोडतात.

शाईपेन: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या व्याख्येतून 'कामाचं' काढा. 'घाण नव्हे' मात्र मी काढणार नाही.