विणणे: स्वेटर, बाज, घोंगडी आणि बाकी सगळं

प्रश्न: भाची बंगळुरात वाढली, मराठी कामापुरतं येतं. तिने विचारलं, निटिंगला मराठीत काय म्हणतात? म्हटलं, विणणे. मग वीव्हिंगला? तेही विणणेच. ‘मग कळतं कसं?’ यावर मी गप्प. खरंच, कळतं कसं?

उत्तर: काय विणलं त्यावरून कळतं, ताई. ‘स्वेटर विणतेय’ म्हटलं की दोन सुया दिसतात, ‘पैठणी विणतोय’ म्हटलं की माग. बाज असेल तर सुंभ, खुर्ची असेल तर वेत, टोपली असेल तर बांबू आणि बुरूड. जाळं म्हणाल तर ते मासे धरणाराही विणतो आणि भिंतीवरचा कोळीही. घरटं सुगरण विणते, आणि नाव बाईचं असलं तरी ते काम नराचं असतं, हे जाता जाता.

सगळ्यात मजेशीर उदाहरण घोंगडीचं. सणगर लोक मेंढीच्या लोकरीचं सूत खड्डामागावर लावून घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. लोकरीचेच गुंडे दुकानातून आणून घरी स्वेटर विणतात. माल लोकरच, क्रियापद तेच, पण हुन्नर अगदी वेगळे. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा, म्हणजे दोन प्रकारचे धागे एकमेकांच्या वरखालून जातात. सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांतून ओढून घेतलेले असतात. म्हणून गंजिफ्रॉक ताणला की रुंदावतो आणि धोतर तसंच राहतं. होजिअरी म्हणजे यंत्रावर केलेलं हे सुयांचंच विणकाम, पण ‘विणलेला गंजिफ्रॉक’ असं कुणी म्हणत नाही.

नामांत मात्र मराठीने वाटणी करून टाकली आहे. ‘विणकर’ म्हणजे मागावरचा. आजी जन्मभर स्वेटर विणत आली तरी तिला कुणी विणकर म्हणणार नाही, ती ‘विणकाम करते’. आणि ‘विणकाम’ हा शब्द शहरी घरांत भरतकामाच्या जोडीने येतो तेव्हा तो सुयांचा किंवा क्रोशाचाच समजायचा.

प्रश्न: आणि ‘वीण’? ‘विणीचा हंगाम’ वाचून लोकरीची दुकानं आठवली!

उत्तर: ते शब्द दोन, रूप एक. पक्ष्यांच्या हंगामातली वीण ‘विणे’ या क्रियापदाकडची, म्हणजे ‘म्हैस व्याली’ मधली. दुसरी वीण विणण्याची: जाळीची वीण, वेणीची वीण, घट्ट वीण, सैल वीण. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींचं ‘विणीचा’ होतं, त्यामुळे संदर्भाशिवाय गत्यंतर नाही.

आता ‘सामाजिक वीण उसवली’ हे वर्तमानपत्री वाक्य घ्या. शब्द कुठून आले ते पाहिलं तर गंमत आहे. मागावरचं कापड फाटतं, जुनं झालं की विरतं. उसवते ती शिवण, आणि उसवतो तो स्वेटर, एक टोक ओढलं की सरसर. म्हणजे हा समाज सुयांवर विणलेला दिसतो! वाक्प्रचार म्हणून ठीक आहे, पण दर अग्रलेखात वाचून त्यातली लोकर आता झिजली आहे.

एक भर: सुयांवर विणणाऱ्यांची बोली वेगळीच असते. टाके ‘घालतात’, शेवटी ‘बंद करतात’. मधे एखादा ‘सुटला’ की चार ओळी खाली जाऊन उचलून आणावा लागतो. आणि ‘सुई’ म्हणजे नुसतं अवजार नव्हे, एक पूर्ण ओळसुद्धा. माझ्या मामीच्या वहीत लिहिलं आहे: ‘80 टाके घालणे. पहिली सुई 1 सुलट 1 उलट. अशा 12 सुया विणणे.’ बाहेरच्या माणसाला वाटेल, या बाई बारा सुया घेऊन बसल्या आहेत. क्रोशाचं शास्त्र वेगळं, तिथे साखळी, खांब आणि मुका खांब. पुष्कळ बायका तिथे ‘विणते’ न म्हणता ‘क्रोशाचं करते’ म्हणतात.

प्रश्न: वेणीही विणतात का? आणि स्वप्नं?

उत्तर: वेणी घालतात. फुलं ओवतात किंवा गुंफतात, दोर आणि वाती वळतात, झाडू बांधतात, गोधडी शिवतात. वेणीत तीन पदर एकमेकांत जातात, मग विणणेच की, असा हट्ट धरता येईल, पण घरात कुणी तसं बोलत नाही.

‘स्वप्नं विणणे’ मला हिंदीची सावली वाटते. मराठीत स्वप्नं बघतात, रंगवतात. कविता लिहिणाऱ्याने विणली तर माझी हरकत नाही, जाहिरातीत मात्र खटकते.

प्रश्न: माझी बहीण घरी केलेले लोकरीचे मोजे-टोपडी विकायला काढतेय. पाटीवर ‘हातमागाचे कपडे’ चालेल? ऐकायला बरं वाटतं.

उत्तर: नाही हो. हातमाग म्हटला की माग आलाच, गिऱ्हाईक साडी किंवा चादर मागेल. ‘हस्तविणकाम’ बरोबर आहे, पण सरकारी प्रदर्शनाची आठवण होते. सरळ ‘हाताने विणलेले लोकरीचे कपडे’ लिहा. जागा कमी असेल तर ‘हातविणीचे’. आणि टोपडी आधी मांडा, थंडीत तीच आधी खपतात.