मदत हवी आहे : मिरजेत मूतखड्याचा डॉक्टर, पण नीट वागणारा

तासगावची_लेक (१३ ऑगस्ट २०२४)
मिरजेत मूतखड्याचा चांगला डॉक्टर सांगा. टकामका बघणारा नको. काल एका ठिकाणी जाऊन आलो, तिथं पुन्हा पाय ठेवणार नाही. शक्यतो आजच सांगा.

तंतुवाद्य_मिरज
मिरजेत डॉक्टर शोधायचा म्हणजे सांगलीत हळद शोधायची! खडा केवढा? पेशंट कोण?

कुळीथप्रेमी
डॉक्टर कशाला? कुळथाचं कढण, अनशापोटी. मेव्हण्याचा खडा पडला.

तासगावची_लेक
९ एमएम, नळीत अडकलाय. बहीण, वय २७. दुर्बिणीनं काढायचाय. आधारवर जुनं नाव आहे, तिथंच सगळं अडलं.

हळदभाव
माहेरचं नाव ना? लग्नाचा दाखला जोडा.

तासगावची_लेक
माहेरचं नाही हो, मुलग्याचं! ती माझा भाऊ म्हणून जन्मली. काल भर हॉलमध्ये ते नाव तीनदा पुकारलं. ही साडीत उठली तर अख्खा हॉल वळून बघायला लागला. वर पुरुषांच्या वॉर्डात बेड. कळा सोसत घरी आली. आता कळलं?

हळदभाव
कागदावर असेल तेच नाव पुकारणार. काउंटरवरच्या पोरीची काय चूक?

सिस्टर_विश्रामबाग
चूक आहे. १४ वर्षं वॉर्डात काढलीत मी. टोकन नंबरनं किंवा नुसत्या आडनावानं बोलावता येतं, फुकटात होतं. ताई, दाखल करायच्या आधी फोन करून इन्चार्ज सिस्टरला सांगा. वेगळी खोली मागा, नाही मिळाली तर तिला चालेल त्या वॉर्डात कोपऱ्यातला बेड आणि पडदा.

वकीलसाहेब
२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती संरक्षण कायद्याचं कलम ३ वाचा. उपचार नाकारणं, उपचारात वाईट वागवणं, दोन्हींना बंदी आहे. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करा, जिल्हाधिकारी ओळखपत्र देतात. आयुष्मानच्या टीजी प्लस, म्हणजे ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या योजनेत, वर्षाला ५ लाखांचं संरक्षणही

तासगावची_लेक
कळ आत्ता येतेय साहेब, ओळखपत्र कधी येणार?

सातारकर_३१
साताऱ्याला आणा, ओळखीचे डॉक्टर आहेत.

तंतुवाद्य_मिरज
आले, कंदी पेढे घेऊन आले!

मेडिकलवाला_विटा
हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का?

तासगावची_लेक
खड्याचा काय संबंध?

मेडिकलवाला_विटा
आहे म्हणून विचारलं. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हॉर्मोन दाबणारी गोळी) असेल तर पोटॅशियम वाढतं, त्यात नळी तुंबलेली. इस्ट्रोजेननं (बायकी हॉर्मोन) रक्तात गाठी होऊ शकतात, भूल देणाऱ्याला आधी माहीत पाहिजे.

तासगावची_लेक
दोन्ही. दोन वर्षं. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून. काल कुणी विचारलंच नाही, आणि तिथं ती स्वतःहून कशी सांगेल?

मेडिकलवाला_विटा
सकाळी पाकिटं घेऊनच जा. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) बघू द्या. रात्रीत थंडी-ताप आला तर सकाळचीही वाट बघू नका.

कृष्णाकाठ
सांगलीत संग्राम संस्था आहे, तिच्यासोबतची मुस्कान ही ट्रान्सजेंडर व्यक्तींची संघटना. ही माणसं वर्षानुवर्षं दवाखान्यांशी भांडत आलीत. सोबत कुणी येईल का विचारा.

तासगावची_लेक
ती सेक्सवर्करांची ना? माझी बहीण शिकवण्या घेते.

कृष्णाकाठ
आणि नसती घेत, तर?

हळदभाव
पूर्वी आपल्याकडे जोगत्यांना मान होता.

सिस्टर_विश्रामबाग
जोगत्याच्या डोक्यावरच्या यल्लम्माच्या मूर्तीपुढं हात जोडायचे आणि केसपेपर काढताना तोंड फिरवायचं, तो मान होय?

तासगावची_लेक (१५ ऑगस्ट)
दुसरीकडे दाखल केलं. फोन आधीच केला होता, आडनावानं हाक मारली. पोटॅशियम वाढलेलं निघालं, एक गोळी थांबवलीय. उद्या ऑपरेशन. कृष्णाकाठ, परवाचं मनावर घेऊ नका, मुस्कानचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. कुळीथ कुणी सुचवू नका आता, आत्याकडूनच दोन किलो आलेत.

कुळीथप्रेमी
ऑपरेशननंतरही चालतं कढण.