मदत हवी आहे: घरात सगळे बारीक, तरी पंचविशीतच साखर

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला (वय २३, वजन ४६ किलो) तीन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. जेवणानंतरची साखर २६०. वय लहान, अंगकाठी बारीक, म्हणून टाइप १ समजून इन्शुलिन सुरू केलं. पण आता गॅड अँटिबॉडी (टाइप १ मध्ये बहुधा रक्तात सापडतात त्या) निगेटिव्ह आल्यात आणि सी-पेप्टाइड चांगलं आहे. म्हणजे तिचं स्वादुपिंड अजून इन्शुलिन बनवतंय.

बाबांना सव्विसाव्या वर्षी साखर लागली. आज चोपन्नाचे आहेत आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळीवरच आहेत. मध्ये डोस वाढवला तेव्हा जेवायला जरा उशीर झाला, तर घामाने बनियन भिजलं, हात थरथरायला लागले. आईने गूळ तोंडात घातला. तेव्हापासून रोज सकाळी अडकित्त्याने एक मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून घेतात, आणि तेवढ्यावर साखर ताब्यात राहते. आजीलाही तिशीच्या आतच होता.

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे आपल्याकडच्या बारीक माणसांच्या अंगातही चरबी जास्त असते हे कळलं, म्हणजे बारीक असूनही टाइप २ होऊ शकतो. पण टाइप २ मध्ये अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. आमच्याकडे तर आजी, बाबा, बहीण अशी सरळ रेघ आहे. हा ‘मोडी’ (MODY, तरुणपणीच दिसणारा आनुवंशिक मधुमेह) प्रकार असेल का? त्यात एकाच जनुकातला बदल पुरतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

तिचं लग्न जमत होतं. इन्शुलिनचं ऐकल्यापासून मुलाकडचे गप्प आहेत. ती काही बोलत नाही, पण हल्ली सुई खोलीचं दार लावून घेते. जनुक तपासणी कुणी केली आहे का? आधी कुणाची करायची? मी २८ ची, माझी उपाशीपोटी साखर ९२. म्हणजे मी सुटले का?

—

प्रतिसाद: ताई, आधी बहिणीचीच करा. रक्ताचा एक नमुना लागतो. तिच्यात बदल सापडला, तर तुमची तपासणी तेवढ्या एका बदलापुरतीच करावी लागते. आमच्या मुलाला एचएनएफ१ए या जनुकातल्या बदलाचा मोडी निघाला. त्या प्रकाराला बाबा घेतात त्याच जातीच्या गोळ्या थोड्या डोसमध्येही छान लागू पडतात, म्हणून बाबांचा तो गुळाचा प्रसंग डॉक्टरांना नक्की सांगा. मुलाचं इन्शुलिन डॉक्टरांनी देखरेखीखाली हळूहळू बंद केलं. रिपोर्ट येईपर्यंत बहिणीचं इन्शुलिन आपल्या मनाने सोडू नका. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये मोडीवर काम चालतं. तुमची ९२ आज चांगली आहे, पण मोडी तिशीनंतरही उघड होऊ शकतो, दरवर्षी बघत राहा.